अच्छनचा माड

लाल फुली मारायला आलेल्या माणसाने सरळ प्रश्न विचारला आणि शेजारच्या थंकमणीचेचीने, म्हणजे थंकमणीताईने, सरळ उत्तर दिलं. तरी घोटाळा झाला तो झालाच.

तो माणूस म्हणजे सेल्वम. ईरोडकडचा तमिळ, लाइनवाल्यांचा मुकादम. आमच्या गावावरून विजेची जुनी लाइन माझ्या लग्नाआधीपासून गेलेली आहे. आता ती उतरवून त्याच वाटेने मोठी लाइन न्यायची होती. मनोरे उंच, तारा जाड, आणि खाली दोन्ही अंगांना पूर्वीपेक्षा जास्त जागा मोकळी. घरं कशीबशी वाचली. केळी राहिली तर चालेल, कप्पा, म्हणजे टॅपिओकाचे कंद, लावला तर चालेल, पण उंच वाढणारं काही म्हणून नको. फणस गेला, आंबा गेला, माड तर सगळे गेले. सेल्वम हातात रंगाचा डबा घेऊन एकेका परसात शिरायचा आणि फुली मारून बाहेर पडायचा.

चेचीच्या दक्षिणेकडच्या परसात तो शिरला तेव्हा मी कुंपणाशी कपडे वाळत घालत होते. तिथे कोपऱ्यात एक तरणा माड आहे. म्हणजे होता. खोड माझ्या खांद्याला लागेल एवढंच, पण झावळ्या अशा ऐटीत पसरलेल्या की बघत राहावं.

सेल्वमने ब्रश टेकवला आणि विचारलं, "हे कोण?" त्याला म्हणायचं होतं, हे कुणाचं. त्याचं मल्याळम तेवढंच.

चेची म्हणाली, "रतीशचे अच्छन." रतीश तिचा मुलगा, अच्छन म्हणजे वडील; नवऱ्याला ती असंच म्हणते.

"अच्छनना बोलवा. सांगून तोडायचं, असा हुकूम आहे."

"बोलवायचं काय? समोर उभे आहेत की."

सेल्वमने मागे बघितलं, विहिरीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी त्याच्या काय उपयोगी पडणार? मला हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी पुलाजवळच्या माझ्या चहाच्या टपरीवर येऊन तो कुरकुरला, "एलीअम्मा, त्या बाईचा नवरा कधी भेटेल? दोनदा गेलो. दोन्ही वेळा म्हणते, परसात आहेत."

"खरं तेच सांगते," मी म्हटलं. "सहा वर्षं झाली, तिथून हललेले नाहीत."

मग त्याला सांगितलं. आम्ही ख्रिस्ती माणसं आमची मेलेली चर्चच्या आवारात पुरतो, वर सिमेंटची लादी घालतो आणि सणाला मेणबत्ती घेऊन जातो. ह्यांच्यात घराच्या दक्षिणेला चिता रचतात, अस्थी उचलल्या की त्या जागी माडाचं रोप लावतात. वेलायुधनच्या जागेवर लावलेलं रोप म्हणजे तो माड. आमच्या गल्लीत त्याला सगळे अच्छनच म्हणतात. पोरं चेंडू मारताना म्हणतात, अरे अच्छनना लागेल.

सेल्वमचा चहा गार झाला. तो म्हणाला, "अय्यो. आणि मी त्याच्या छातीवर फुली मारली."

वाईट माणूस नव्हता. पण फुली काही पुसता येईना.

वेलायुधन जन्मभर माडी काढायचा. पहाट फुटायच्या आत माडावर, दुपारी पुन्हा माडावर, संध्याकाळी पुन्हा. खाली उतरला की विडी. त्याच्या पायाला ना चप्पल माहीत ना जमीन, असं आम्ही चेष्टेने म्हणायचो. मेला तो माडावरून पडून नव्हे, तापाने, अंथरुणावर. रतीशला त्याने माडावर चढू दिलं नाही. रतीशलाही हौस नव्हती. शाळेत पोरं त्याला नाक धरून दाखवायची, ह्याच्या वहीलासुद्धा माडीचा वास येतो म्हणायची. तेव्हापासून हा पोरगा दोन वेळा चंदनाचा साबण लावून आंघोळ करतो. मोठा झाल्यावर त्याने झाडं कापायची यंत्राची करवत घेतली आणि त्यावर पोट भरू लागला.

आणि लाइनवाल्यांनी आमच्या गावातली झाडं पाडायचं काम दिलं कुणाला? रतीशलाच.

त्या संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर जे झालं ते मी कुंपणाआडून ऐकलं. कान लावून ऐकलं, खोटं कशाला सांगू?

"दुसऱ्याला सांग," चेची म्हणत होती. "बाकीचे पाड. तो एक दुसऱ्याला सांग."

"दुसरा कोण? लाइनवाल्यांची ती बंगाली पोरं, मालद्याची. ती खोड पाडतील, वरचा कोवळा गाभा काढतील आणि तिथेच बसून खातील. चालेल तुला?"

"मग तू पाडणार?"

"मीच पाडणार. माझ्या हाताने अग्नी दिला होता ना? मग हेही माझ्याच हाताने."

"रतीशा, अरे ते…"

"अम्मे, ते झाड आहे. झाड. अच्छन गेले." त्याचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "शेवटी ठेवतो. सगळ्या गावाचं झालं की मग. एवढं माझ्या हातात आहे."

त्यानंतर मायलेकांचं बोलणं जेवण वाढण्यापुरतं राहिलं.

दोन-तीन दिवसांनी चेची माझ्याकडे आली. टपरीत कुणी नव्हतं. ती ग्लासं विसळू लागली. हात रिकामे ठेवून बोलता येत नाही तिला.

"एली, पोय आली आहे."

"कुणाला?"

"कुणाला काय, अच्छनना. पहिलीच. अजून फुटलेली नाही."

माडाची पोय म्हणजे तो लांबट बंद कोंब. त्यात फुलं असतात. फुटू दिला तर नारळ धरतात. फुटण्याआधी बांधला, ठोकला, कापला तर माडी गळते. हे आमच्या इथे पोराबाळांनाही ठाऊक असतं.

"नारळ काही धरायचे नाहीत आता," ती म्हणाली. "तेवढा वेळ नाही. पण माडी निघेल. एक मडकं. अर्धं निघालं तरी पुरे."

"तू कधीपासून प्यायला लागलीस?"

"प्यायची नाही गं." ग्लास धुवून झाला होता तरी ती तो फिरवत राहिली. "वास हवाय. सकाळी उतरून यायचे, दारात उभे राहायचे, तो वास. सुतकात घरातले सगळे कपडे धुवायचे म्हणून त्यांचा शर्टही मीच धुतला. एक कोपरासुद्धा ठेवला नाही. खळखळून धुतला, वेड्यासारखा. आता आठवायला जाते तर नाकात काही येत नाही. तोंड आठवतं, चाल आठवते. वास गेला, एली."

माझा नवरा घरी ढाराढूर झोपलेला होता, त्याच्या वासाने मला शिसारी येते. तिच्या हातातला ग्लास मी काढून घेतला आणि त्यात तिला चहा ओतला.

चेचीने माळ्यावरून वेलायुधनची हत्यारं काढली. रुंद पात्याचा कोयता, आणि ठोकायचं हाड, हातात धरून धरून गुळगुळीत झालेलं. मग ती गेली कोरन आशानकडे. माडावरच्या सगळ्या माणसांचा हा गुरू, म्हणून आशान. वेलायुधनही त्याच्याच हाताखाली शिकला. आता गुडघे गेले, काठी आली, जीभ मात्र तशीच धारदार.

"बाईमाणूस पोयीला हात लावणार?" आशान खेकसला. "आणि माझ्याकडे शिकायला आलीस? उद्या कोंबडीही येईल, मला पोहायला शिकवा म्हणून."

"माड बुटका आहे. चढायचं नाही. स्टुलावर उभी राहून होईल."

"होईल तर कर की. मला कशाला विचारतेस?"

असं म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काठी टेकत चेचीच्या परसात येऊन धुण्याच्या दगडावर बसला. तोंडाने शिव्या सुरू. पोय अशी बांध. अगं आवळू नकोस, गळा दाबतेस का तिचा? झावळीची ओली पात घे, सुतळी टाक ती.

मग ठोकणं सुरू झालं. सकाळी कामावर जायच्या आधी, दुपारी, संध्याकाळी दिवा लावायच्या आधी. रोजगार हमीच्या कामावर तेव्हा कालव्यातला गाळ काढायचं चाललं होतं. दुपारच्या सुट्टीत बाकीच्या बाया डबा उघडायच्या आणि ही चिखलाच्या पायांनी घरी पळायची. स्टुलावर चढायची, डाव्या हाताने पोय धरायची, उजव्या हाताने हाड. ठक, ठक, ठक. वरपासून खालपर्यंत, चारी बाजूंनी. खांदे भरून यायचे. भाताचा घास घ्यायला हात उचलत नाही, म्हणाली एकदा. ऊन असं की स्टुलाचं लोखंड पायाला चटके द्यायचं.

पहिल्या दिवशीच आशान ओरडला, "चटणी वाटतेस काय? नवऱ्यावरचा राग काढतेस?"

"काढते," चेची म्हणाली. "मला टाकून गेले. काढू नको?"

आशानला गप्प करणारी बाई मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली.

गावाला विषय मिळाला. चेची कालव्यावर निघाली की पुलावर बसलेले रिकामटेकडे विचारायचे, "चेची, दुकान कधी उघडतंय? उधारी चालेल ना?" ती मान खाली घालून जायची. अंगावरचा चिखल तेवढा तिला आडोसा. माडाला नंबर नाही, परवाना नाही, असं कुणीतरी अबकारीवाल्याच्या कानावर घातलं. तो गार्ड माझ्या टपरीवर आला. मी त्याच्यापुढे मासा आणि कप्पा ठेवला आणि म्हटलं, "साहेब, माझ्या आप्पमच्या पिठात घालायला वाटीभर माडी हवी, म्हणून मीच तिला सांगितलं. ईस्टरला माझ्या घरी आप्पम फुगले नाहीत तर पाद्री तुम्हाला विचारतील." तो हसला, खाऊन गेला. परसाकडे फिरकला नाही.

तिकडे शेतात मनोरा वाढत होता. मालद्याची पोरं कमरेला पट्टा बांधून वर लटकायची आणि एकमेकांना हाका मारायची. मग एके दिवशी जुनी लाइन बंद केली. तोवर मला माहीतच नव्हतं की तिचा आवाज होता. इतकी वर्षं डोक्यावर गुणगुणत होती, ती गप्प झाली तेव्हा कळलं. त्या शांततेत दोन आवाज उरले. दिवसभर रतीशच्या करवतीचा, आणि दिवसातून तीनदा चेचीच्या हाडाचा. गावाच्या त्या टोकापासून करवत रोज थोडी जवळ येत होती. कुंजुवरीदचा फणस गेला, मठाजवळचे माड गेले. रतीश रात्री घरी यायचा, विहिरीवर घासून घासून आंघोळ करायचा, जेवायचा, झोपायचा. दक्षिणेकडे तोंड करायचा नाही.

आशानने सांगितलेल्या दिवशी चेचीने पोयीचं टोक कापलं. काप चांगला पडला. खाली मडकं बांधलं. संध्याकाळी बघितलं तर कोरडं. दुसऱ्या दिवशी पातळ चकती काढली, कोरडं. तिसऱ्या दिवशी मडक्यात एक मेलेली माशी.

सेल्वम टपरीवर येऊन म्हणाला, "शुक्रवारी तारा ओढणार. गुरुवारपर्यंत सगळं साफ पाहिजे. वरून फोन येतात मला." मग हळूच म्हणाला, "त्यांना दुसरं रोप आणून देऊ का? चांगल्या जातीचं?"

"दे," मी म्हटलं. "सोबत राख पण घेऊन ये."

असं बोलायला नको होतं. पण माझा तोल गेला होता.

बुधवारी सकाळी आशानने चेचीचं ठोकणं डोळे मिटून ऐकलं. मग काठी आपटली.

"थांब. हे काय करतेस?"

"ठोकते."

"हे ठोकणं? ही तर माशी हाकलतेस. पहिल्यांदा झोडत होतीस, आता गोंजारतेस. ठोकल्याशिवाय आतली फुलं नरमायची कशी? जरा जोर लाव."

"लागेल," ती म्हणाली.

"कुणाला?"

तिने हाड खाली केलं.

"कुणाला लागेल, थंकमणी?"

"त्यांना."

आशान काठीवर भार देऊन उठला. मला वाटलं आता शिव्यांचा पाऊस. पण तो हळू बोलला, असा हळू की मला कुंपणावर रेलावं लागलं. "पोरी, तो इथे नाही. मीही त्याला इथे बघत होतो, म्हणून तर रोज लंगडत येतो. पण नाही तो. हा माड आहे. माडाला ठोकलं तर माडी देतो, गोंजारलं तर काही देत नाही. तुला माडी हवी का नवरा हवा, ते ठरव. नवरा मला आणता येत नाही."

चेची स्टुलावरच रडली. एका हाताने पोय तशीच धरलेली, सोडली नाही. मग पदराने तोंड पुसलं आणि ठोकायला लागली. ठक, ठक, ठक. ना राग, ना माया. जसं वेलायुधन ठोकायचा, तसं. मी चहाचं पातेलं ठेवलेलं विसरून ऐकत राहिले.

त्या दिवशी ती कामावर गेली नाही.

गुरुवारी उजाडताच तिने मला हाक मारली. मडक्यात तळाशी माडी होती. दोन ओंजळी असेल, पांढरी, वर फेस. पोयीच्या टोकाला थेंब धरला होता, तो पडला, लगेच दुसरा धरला. आशान टाळी वाजवून लहान पोरासारखा हसला. चेचीने मडकं दोन्ही हातांनी उचललं, नाकाशी नेलं, आणि डोळे मिटले.

मग खोल श्वास घेऊन पुन्हा हुंगलं.

डोळे उघडले तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "माडी आहे," ती म्हणाली.

"मग काय ताक असणार?" आशान म्हणाला.

"नुसती माडी आहे. चांगली, गोड आहे. पण नुसती माडी." तिने मडकं आशानच्या हातात दिलं. "ते नाहीत ह्यात."

इतक्या दिवसांचा जीव त्या मडक्यात होता, आणि दुकानात मिळते तशी माडी निघाली. आशानने घोट घेतला, मला दिली. मी घेतली. मेली गोड होती, म्हणून जास्तच वाईट वाटलं.

एवढ्यात रतीश करवत घेऊन दक्षिणेच्या परसात आला. सेल्वम कुंपणाबाहेर उभा होता, आत आला नाही. रतीशने आईकडे बघितलं. ती म्हणाली, "झालं माझं. पाड." आणि ओसरीवर जाऊन बसली, पाठ फिरवून.

घर इतकं जवळ की माड अख्खा पाडता येईना. आधी झावळ्या, मग शेंडा, मग खोड. आणि झावळ्यांच्या बेचक्यात करवत लावायला जागा नव्हती. रतीशने ती खाली ठेवली, बापाचा कोयता उचलला आणि जन्मात पहिल्यांदा माडाच्या शेंड्याला मिठी मारून कामाला लागला. वर पोय गळतच होती. ती तोडायला त्याचा हात होईना, की विसरला, देव जाणे. थेंब त्याच्या डोक्यावर, मानेवर, शर्टाच्या आत. ऊन चढलं. तो घामाने निथळला. एकेक झावळी सपकन खाली यायची. शेवटी पोय तोडली, शेंडा उतरवला, मग करवतीने खोड. ते पडलं तेव्हा फारसा आवाजसुद्धा झाला नाही. लहानच होतं.

आतला पांढरा गाभा त्याने केळीच्या पानावर ठेवला. कुणी खाल्ला नाही.

तो धुण्याच्या दगडावर आशानशेजारी बसला. आशानने विडी पेटवली, दोन झुरके घेतले आणि त्याच्या बोटांत दिली. रतीश विडी ओढत नाही. पण ओढली, पार बुडापर्यंत. मग उठला, खांद्यावर कोयता टाकला आणि विहिरीकडे निघाला. ओसरीवरूनच जावं लागतं.

चेची पाठमोरी बसली होती. तो तिच्या मागून गेला, आणि ती उठली. वळली नाही, नुसती उठली. मग धावल्यासारखी विहिरीवर गेली आणि त्याच्या हातातला पोहरा धरला.

"अम्मे, सोड. काय करतेस?"

"आंघोळ करू नकोस."

"अगं, सगळं अंग चिकट झालंय. मुंग्या लागतील."

"लागू देत." तिने त्याच्या शर्टाची छाती दोन्ही मुठींत धरली आणि त्यात तोंड खुपसलं. "आजचा दिवस करू नकोस रे. उद्या कर."

रतीश हात लांब धरून उभा राहिला, काय करावं कळेना त्याला. मग त्याने पोहरा कठड्यावर ठेवला. स्वतःच्या बाहीचा वास घेतला. शाळेतल्या पोरांनी नाक धरलेलं त्याला आठवलं असेल, नाहीतर आणखी काही. तो तसाच उभा राहिला, आईचं होईपर्यंत.

कुंपणाबाहेरून सेल्वमने मला विचारलं, "काय झालं?"

"रतीशचे अच्छन आलेत," मी म्हटलं. "तू जा आता. तुझ्या तारा उद्या ओढ."